घरासाठी इरोकोचं लाकूड घेताना : वखारीपासून उंबरठ्यापर्यंत

आमचं ऐरोलीतलं रो-हाउस खाडीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, भिंतींचे पोपडे सुटतात. पाच वर्षांपूर्वी पुढच्या दाराच्या चौकटीवर सहज बोट दाबलं तर रंगाचा पापुद्राच आत गेला आणि मागून मातीसारखा भुगा सांडला. वाळवीने आतलं लाकूड खाऊन फक्त रंग शिल्लक ठेवला होता. चौकट, दार आणि मागच्या अंगणाकडच्या दोन खिडक्या, सगळंच बदलावं लागलं.

चांगल्या जुन्या सागाचा भाव ऐकून आम्ही 'आफ्रिकन टीक'कडे वळलो आणि पहिल्या खेपेला फसलो. मे महिन्यात बसवलेली चौकट दिवाळीपर्यंत अशी पिळली, की कडी कोयंड्यात बसेना. ती काढून दुसरी केली ती नीट माहिती काढून, खऱ्या इरोकोची. तिला आता चार पावसाळे झालेत आणि दार एका बोटाने लागतं. ओळखीचे लोक घराचं काम काढलं की विचारायला येतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

१. आधी झाडाचं नाव विचारा

'आफ्रिकन टीक' नावाचं एक झाड नाही. या नावाखाली वखारीत निदान तीन वेगळी लाकडं मिळतात.

पहिलं इरोको. शास्त्रीय नाव मिलिसिया एक्सेल्सा. घानात त्याला ओडुम म्हणतात, काँगोत कांबाला, पूर्व आफ्रिकेत म्वुले. 'इरोको' हा शब्द नायजेरियातल्या योरुबा भाषेतला. सागाशी त्याचं नातं नाही. ते वड, उंबर आणि फणसाच्या कुळातलं आहे. कोकणातल्या जुन्या घरात फणसाच्या लाकडाचे खांब पाहिले असतील तर इरोको तुम्हाला परका वाटणार नाही. कापल्यावर तसंच पिवळं दिसतं आणि वर्षभरात तसंच तपकिरी होत जातं.

दुसरा खरा सागच, पण घाना, टांझानिया, नायजेरिया अशा देशांत लागवड केलेला. लाकूड वाईट नाही, पण बरंचसं लहान वयाच्या झाडांचं असतं. त्यात पांढरी कड, म्हणजे सालीलगतचं फिकट लाकूड, जास्त आणि गाभा कमी.

तिसरं अफ्रोर्मोसिया. यालाही जगभर आफ्रिकन टीक म्हणतात. दुर्मीळ झाडांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते १९९२ पासून आहे, त्यामुळे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. २०२२ साली पनामात झालेल्या बैठकीत आफ्रिकेतलं पडौक, डौसी आणि खाया, म्हणजे आफ्रिकन महोगनी, ही लाकडंही त्याच परिशिष्टात गेली.

म्हणून वखारीत पहिला प्रश्न हाच: "झाडाचं नाव काय आणि कुठल्या देशातून आलं?" मला पहिल्या वखारीत उत्तर मिळालं होतं, "ताई, आफ्रिकन म्हणजे आफ्रिकन." तिथूनच परत फिरायला हवं होतं.

२. कुठे वापरायचं, कुठे नाही

इरोकोचा गाभा टिकाऊ आहे. बुरशी आणि वाळवी त्याला सहज लागत नाही, ओलं ते वाळेपर्यंत ते फार आकसत नाही आणि वजनाला सागाच्या जवळपास आहे. पश्चिम आफ्रिकेत आणि युरोपात त्याची दारं, खिडक्या, जिने, फरशा, बागेतली बाकं, होड्या असं सगळं बनतं. आपल्याकडे चौकटी, बाहेरची दारं, गच्चीवरचा मांडव, बाल्कनीतल्या पट्ट्या यांना ते उत्तम.

घराच्या आतल्या कपाटांना मी ते वापरणार नाही. तिथे प्लायवूड पुरतं आणि एवढं मोलाचं लाकूड तिथे वाया जातं. इरोको फार सावकाश वाढतं. रोपवाटिकेतल्या रोपांवर एक बारीक कीड गाठी आणते आणि रोपं मरतात, त्यामुळे लागवड करणंही अवघड. बाजारात येतं ते बहुतेक नैसर्गिक जंगलातून तोडलेलं. जिथे ऊन-पाऊस झेलायचा आहे तिथेच ते लावा आणि मोजकंच लावा.

कुणी अझोबे किंवा एक्की दाखवून "हे याहून मजबूत" म्हणालं तर ते खोटं नाही. त्याचं वजन घनफुटाला तीस किलोच्या आसपास, म्हणजे पाण्यात टाकलं तर बुडतं. नेदरलँड्समध्ये कालव्यांचे दरवाजे आणि धक्के त्याचे करतात. पण घराच्या चौकटीला ते नको. सुताराची हत्यारं बोथट होतील आणि वाळताना त्याला चिरा पडतात.

३. किती लागेल, त्याचा हिशेब घरी करा

कापलेलं लाकूड घनफुटावर विकतात. सूत्र सोपं आहे: रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४.

आमच्या चौकटीचं उदाहरण घ्या. छेद ५ इंच बाय ३ इंच. दोन उभे प्रत्येकी ७ फूट, वरची पट्टी आणि उंबरठा प्रत्येकी साडेतीन फूट, म्हणजे एकूण २१ फूट. ५ × ३ × २१ ÷ १४४ = २.१९ घनफूट. कापाकापीसाठी दहा-बारा टक्के वर धरा, अडीच घनफूट पुरे.

इथे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. रंधा मारल्यावर ५ बाय ३ चं पावणेपाच बाय पावणेतीन होतं. पैसे तुम्ही ५ बाय ३ चेच देता. तो रिवाज आहे, फसवणूक नव्हे, पण भिंतीचं माप घेताना हा फरक धरलेला हवा. आणि गोल ओंडका घेण्याच्या फंदात पडू नका. ओंडक्याचं माप घेराच्या चौथाईवर काढतात आणि त्यात खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच धरले जातात. हे ऐकून फायदा वाटतो, पण सॉ मिलमध्ये साल, पांढरी कड आणि भुसा गेल्यावर हातात किती उरेल ते नवख्याला सांगता येत नाही.

४. वखारीत जाताना पिशवीत काय हवं

मोजपट्टी. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा. लाकडाची ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र; हे ऑनलाइन मिळतं, सुताराकडे असेल तर त्याचं घ्या. थोडा जाड पॉलिश पेपर, पाण्याची छोटी बाटली आणि एक भिंग. शक्य असेल तर स्वतःचा सुतार बरोबर न्या आणि त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. वखारवाल्याकडून कमिशन घेणारा सुतार तुमच्या बाजूने बोलणार नाही.

वखारी मुंबईत रे रोड-दारूखान्याला आहेत, भिवंडीकडेही आहेत. एकाच दिवशी दोन-तीन तरी पाहा, म्हणजे डोळ्याला फरक कळतो. सकाळी जा, दिव्याच्या पिवळ्या उजेडात सगळी लाकडं सारखीच दिसतात.

५. इरोको ओळखायच्या खुणा

पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच, तेव्हा घाई करू नका.

*ताजा काप.* फळीचा वरचा, वाऱ्यावर राहिलेला भाग पाहून काही ठरवू नका. टोकाकडून बोटभर कापून दाखवायला सांगा. इरोकोचा ताजा काप पिवळा निघतो, फणसाच्या गऱ्याच्या जवळचा. साग सोनेरी-तपकिरी निघतो आणि त्यात वाढीच्या वलयांच्या गडद रेषा स्पष्ट दिसतात. इरोकोत वलयं फारशी कळत नाहीत.

*वास आणि स्पर्श.* सागाला चामड्यासारखा वास असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. इरोको कोरडं लागतं.

*भिंगातून.* पॉलिश पेपरने टोक गुळगुळीत करून थोडं पाणी लावा. इरोकोत मोठी छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली आणि त्यांना जोडणाऱ्या फिकट, नागमोडी पट्ट्या दिसतात. सागात मोठी छिद्रं वलयाच्या सुरुवातीला रांगेने दाटलेली असतात.

*खडे.* इरोकोच्या आत मधूनच पांढरट, दगडासारखे खडे सापडतात. ते खरंच चुन्याचे असतात. हे झाड कॅल्शियम ऑक्झलेट तयार करतं आणि बुरशी आणि जिवाणू मिळून त्याचा पुढे कॅल्शियम कार्बोनेट बनवतात. आमच्या सुताराची करवत अशा एका खड्याला लागली तेव्हा ठिणगी उडाली. पातं थांबवून त्याने तो वाटाण्याएवढा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, झाडाच्या पोटात दगड!" तो अजून देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.

*वजन.* वाळलेल्या इरोकोचं वजन घनफुटाला साधारण १८ किलो. ५ बाय ३ चा ७ फुटी तुकडा ०.७३ घनफूट होतो, म्हणजे १३ किलोच्या आसपास. १२ ते १५ मध्ये बसला तर ठीक. १८-२० भरला तर एक तर ओला आहे, नाही तर दुसरंच लाकूड आहे. माझ्या पहिल्या चौकटीचे तुकडे उचलायला दोन माणसं लागली होती. तेव्हा मला ते दणकट असल्याची खूण वाटली होती.

*उन्हाची परीक्षा.* वखारीतून वीतभर तुकडा मागून आणा, अर्ध्यावर काळा कागद घट्ट गुंडाळा आणि आठ दिवस उन्हात ठेवा. इरोको असेल तर उघडा अर्धा स्पष्ट गडद होतो आणि कागदाखालचा पिवळा राहतो. मोठी खरेदी असेल तर हे आठ दिवस जरूर थांबा.

एवढं करूनही शंका उरली आणि रक्कम मोठी असेल, तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था लाकडाचा नमुना तपासून ओळख पटवून देतात. पूर्ण बंगला बांधणाऱ्याने हा खर्च करावा.

पांढरी कडही इथेच पाहा. टिकाऊ असतो तो गाभा. बाहेरच्या फिकट कडेला भुंगा आणि वाळवी दोन्ही लागतात. चौकटीच्या तुकड्यात कड दिसली की बाजूला ठेवा, "पॉलिशखाली दिसणार नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. न दिसलेली कडच कीड खाते.

६. ओल मोजा

माझी पहिली चौकट लाकडापेक्षा ओलीने बिघडवली. आपल्याकडे पावसाळ्याच्या भर दमट हवेत लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत ओल धरतं आणि हिवाळ्यात ते १०-११ पर्यंत उतरतं. दारा-खिडक्यांसाठी १२ ते १४ टक्क्यांवर आलेलं लाकूड घ्या, म्हणजे दोन्हीकडे फार ताण पडत नाही.

यंत्राच्या सुया फळीच्या पृष्ठभागावर टोचून चालत नाही, पृष्ठभाग नेहमी कोरडा असतो. टोकापासून अर्धा फूट आत कापून त्या ताज्या कापाच्या मध्यभागी टोचा. यंत्र नसेल तर घरी करा: लाकडाचा छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोड्या वर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने तोलत राहा. सुरुवातीला ११२ ग्रॅम आणि शेवटी १०० ग्रॅम भरलं तर ओल १२ टक्के. ओव्हनजवळ थांबा, लाकूड करपू देऊ नका.

घरी आणल्यावर तुकडे जमिनीवर ठेवू नका. खाली वीट, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वर वजन, टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट, आणि सावलीत निदान तीन आठवडे. मी दिवाळीनंतर लाकूड आणलं आणि जानेवारीत चौकट बसवली. मे महिन्यात घाईघाईने बसवण्यापेक्षा हा काळ कितीतरी चांगला.

७. मागून घ्यायचे कागद

- पक्कं जीएसटी बिल. त्यावर 'आफ्रिकन वूड' एवढंच नको, लाकडाचं नाव, मूळ देश आणि घनफूट हवेत. कापलेल्या लाकडाचा एचएसएन कोड, म्हणजे बिलावरचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक, ४४०७ ने सुरू होतो.
- मापांची यादी, प्रत्येक तुकड्याची, वखारीच्या शिक्क्यासह.
- आयातदाराकडे असलेल्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची प्रत. परदेशी लाकूड किडीपासून मुक्त करून आणावं लागतं, त्याचा हा दाखला. किरकोळ गिऱ्हाइकाला तो देण्याची सक्ती नाही, पण नीट वखारवाला दाखवतो.
- एफएससीचं, म्हणजे जंगल जबाबदारीने राखून लाकूड तोडल्याचं, प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक बिलावर.
- साइट्समधलं लाकूड असेल तर त्या परवान्याची प्रत.
- टेम्पोबरोबर बिलाची प्रत, वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला.

भाव विचारताना तो घनफुटाचा आहे ना, जीएसटी धरून आहे की सोडून, कापणावळ आणि हमाली वेगळी का, हे चारही प्रश्न एकदम विचारा. आणि सोसायटीला आधी अर्ज द्या. बाहेरून दिसणाऱ्या दाराच्या रंगा-आकाराबद्दल बऱ्याच सोसायट्यांचे नियम असतात.

८. सुताराला आधीच सांगायच्या गोष्टी

इरोकोची धूळ त्रासदायक आहे. शिंका, डोळ्यांची आग, अंगावर पुरळ, आणि काहींना दमा. त्यात क्लोरोफोरिन नावाचं द्रव्य असतं. आमच्या मिस्त्रींनी तीस वर्षं सागावर काम केलं होतं, त्यांना हे खरं वाटलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं आणि ते गुपचूप मागच्या नळावर हात धूत बसले होते. मला फार वाईट वाटलं. मास्क मी आणून दिले होते, पण बाह्या लांब असाव्यात हे सांगायचं राहिलं. तुम्ही सांगा. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, काम मोकळ्या हवेत, आणि घरात दम्याचं कुणी असेल तर काम घरात नकोच. भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

बाकी हत्यारांबद्दल: करवतीला कार्बाइडच्या दातांचं पातं हवं, नाहीतर खड्यांनी दात जातात. याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. रंधा एका दिशेने गुळगुळीत जातो आणि तिथेच पुढे ढलपे उपटतो. पातं धारदार, काप अगदी पातळ आणि शेवटचा हात पॉलिश पेपरने. गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्यायचा.

९. बसवणं

भिंतीला टेकणाऱ्या तिन्ही बाजूंना डांबरी रंगाचे दोन हात द्या आणि पुरते वाळू द्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या. बाहेरच्या बाजूला साधे लोखंडी स्क्रू नकोत. खाडीच्या हवेत ते गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ उतरतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, जमलं तर ३१६ ग्रेडचे.

उंबरठ्यावरून आमच्या घरात बरीच चर्चा झाली. सुतार म्हणाले ग्रॅनाइट लावा, पाण्याची भीती नाही. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मीच्या पावलांना लाकडाचाच उंबरठा हवा. आम्ही खाली अर्ध्या इंचाची ग्रॅनाइटची पट्टी बसवून तिच्यावर इरोकोचा उंबरठा ठेवला, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाखाली मुरत नाही. त्या रोज सकाळी तिथे हळदीकुंकवाची बोटं उमटवतात. पहिल्या वर्षी पिवळ्या लाकडावर हळद दिसायचीच नाही. आता लाकूड गडद झालंय आणि दोन्ही बोटं उठून दिसतात.

दाराच्या दिल्ह्यांना, म्हणजे दाराच्या सांगाड्यात बसवलेल्या फळ्यांना, गोंद लावू देऊ नका. ते खाचेत मोकळे हवेत. पावसाळा-हिवाळ्याच्या फरकात सहा इंची फळी दीड मिलिमीटरच्या आसपास फुगते-आकसते. तिला जागा मिळाली नाही तर ती चीर पाडून जागा करते. हिवाळ्यात दार बसवत असाल तर कडीच्या बाजूला तीन मिलिमीटर फट ठेवा. सुताराला ती जास्त वाटेल, ठेवायला लावा.

१०. पॉलिश

बसवल्याबरोबर पॉलिश करू नका, महिनाभर लाकडाचा रंग गडद होऊ द्या. नव्या लाकडावर फिकट-गडद पट्टे दिसतात, ते बरेचसे आपोआप एकसारखे होतात. घाईने स्टेन मारणारे नंतर पस्तावतात. पॉलिशआधी थिनरने पुसा, कारण लाकडातली द्रव्यं काही तेलकट व्हार्निश वाळू देत नाहीत. आधी एका तुकड्यावर करून दोन दिवस पाहा. उन्हातल्या दाराला बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा लाकडाचं तेल. तेल दरवर्षी पावसाआधी पुन्हा द्यावं लागतं, पण ओरखडा पडला तर घरच्या घरी निघतो, म्हणून मी तेल निवडलं. काहीच लावलं नाही तर लाकूड राखाडी पडतं. टिकायला फारसा फरक पडत नाही.

११. पहिल्या पावसाळ्यात

जुलैमध्ये दार जरा घट्ट लागलं तर लगेच रंधा मारायला बोलावू नका. नोव्हेंबरपर्यंत थांबा. तेव्हा मोकळं झालं तर काही करायचं नाही, अजूनही अडत असेल तर तेवढीच जागा घासा. उंबरठ्याचे दोन्ही कोपरे आणि चौकटीचे खालचे चार इंच महिन्यातून एकदा बोटाने दाबून पाहा. भिंतीत वाळवी असेल तर ती चांगल्या लाकडाच्या मागूनही वर चढते आणि शेजारच्या प्लायवूडला लागते, म्हणून नवी चौकट लावण्याआधी भिंतीला वाळवीचं औषध मारून घेतलेलं असावं. आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाल्याने भिंतीत भोकं पाडून औषध भरलं ते चौकट बसवण्याच्या पंधरा दिवस आधी, आणि त्याची लेखी हमी बिलाबरोबरच्या फाइलमध्ये लावली आहे.